सुट्टीच्या दुपारी मुलांना पडद्यामागचा सिनेमा कसा दाखवावा

सोलापुरात एप्रिल उजाडला की पारा चाळिशीच्या पुढे जातो, सकाळी अकरानंतर मुलांना बाहेर सोडण्याची सोय उरत नाही आणि घरात ठेवले तर ती मोबाइल खाली ठेवत नाहीत. आमच्या वसाहतीच्या सभागृहात गेली काही वर्षे आम्ही याच वेळेत मुलांसाठी सिनेमा आणि दूरदर्शनच्या पडद्यामागच्या गमतीजमतींची बैठक भरवतो. सुरुवातीला मी माहितीचे कागद लिहून आणत असे आणि एकामागून एक वाचून दाखवत असे. पंधराव्या मिनिटाला अर्धी मुले पंख्याकडे पाहत बसत. नंतरच्या उन्हाळ्यांत चुका करत जी पद्धत बसली, ती येथे क्रमाने सांगतो. घरातल्या चार भावंडांपुढेही ती चालते आणि पंधरा-वीस मुलांच्या गटापुढेही चालते. त्याहून मोठा गट मात्र घेऊ नये.

गंमत सांगण्याआधी कोडे घाला

पडद्यामागची कोणतीही हकीकत मुळात एखाद्या अडचणीची हकीकत असते. दिग्दर्शकाला काहीतरी हवे होते, ते सरळ मार्गाने मिळत नव्हते आणि कोणीतरी आडवाट शोधली. आपण आडवाट आधी सांगून टाकली की मुलांच्या हाती नुसती माहिती पडते. अडचण सांगून थांबलो, तर ती स्वतः वाट शोधू लागतात. म्हणून प्रत्येक गोष्ट ‘तुम्ही असता तर काय केले असते?’ या प्रश्नाने सुरू करावी आणि किमान पाच अंदाज आल्याशिवाय उत्तर देऊ नये.

उदाहरणार्थ, १९९३ सालच्या ‘जुरासिक पार्क’मध्ये प्रचंड डायनोसॉर जवळ येत असल्याची पहिली खूण म्हणून गाडीतल्या पेल्यातील पाण्यावर एकात एक नेटकी वर्तुळे उमटतात. मुलांपुढे पाण्याचा पेला ठेवा आणि तशी वर्तुळे आणून दाखवायला सांगा. ती टेबलावर बुक्क्या मारतील, पाय आपटतील, फुंकर घालतील. पाणी हिंदकळेल, पण चित्रपटातल्यासारखी शांत वर्तुळे सहसा उमटणार नाहीत. चित्रपटाच्या तंत्रज्ञांचीही हीच पंचाईत झाली होती. शेवटी गाडीत पेल्याच्या खाली गिटारची तार ताणून बसवली आणि ती छेडली, तेव्हा हवी तशी वर्तुळे मिळाली. दहा मिनिटे पाण्याशी झटापट केलेल्या मुलाला हे उत्तर जन्मभर आठवते. त्याच चित्रपटाविषयी दुसरा प्रश्न विचारून पाहावा: दोन तासांहून थोड्या अधिक लांबीच्या या चित्रपटात डायनोसॉर पडद्यावर एकूण किती वेळ दिसतात? मुले तास-दीड तास म्हणतात. प्रत्यक्षात तो वेळ जेमतेम १५ मिनिटांच्या आसपास आहे, बाकी सारा वेळ आपण त्यांची वाट पाहत असतो.

सामान आणि जागा

खरेदी जवळपास काहीच लागत नाही. नारळाच्या चार करवंट्या, एक सूप, दोन मुठी ज्वारी, एक जाड सोलापुरी चादर, दोन कडक भाकऱ्या, टॉर्च, केसांवर पाणी मारण्याची फवाऱ्याची बाटली, दोन जुने मोजे, एक मोठा पुठ्ठ्याचा खोका, ओंजळभर मटकी, कोऱ्या कागदांचे छोटे गठ्ठे आणि एकच मोबाइल. मोबाइल एकच असावा आणि तो मोठ्या माणसाच्या हातात असावा, याबाबतीत मी अजिबात सवलत देत नाही.

खिडक्यांवर चादरी लावल्या की सभागृहात भरदुपारी पुरेसा अंधार होतो. गळ्यात अडकणारे दोर, काच आणि आग यांचा वापर कोणत्याही प्रयोगात करू नये, मुलांनी कितीही आग्रह केला तरी.

वयाचेही भान ठेवावे लागते. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला त्याच्या आवडत्या पात्राच्या आत माणूस आहे हे सांगितले, तर त्याचा आनंद हिरावून घेतल्यासारखे होते. सात-आठ वर्षांपासून पुढे मात्र हेच कळण्यात खरी मौज असते.

सर्वांत जास्त वेळ आवाजाला द्या

तीन दुपारींचा बेत असेल, तर पहिली पूर्ण दुपार आवाजाला द्यावी, कारण याच भागात मुलांना सर्वांत जास्त धक्के बसतात. चित्रीकरणाच्या वेळी ध्वनिमुद्रकाचे लक्ष मुख्यतः संवादांवर असते. पावलांचा, कपड्यांच्या सळसळीचा, भांड्यांचा आणि दार उघडण्याचा आवाज बहुतेक वेळा नंतर, पडद्यावरचे चित्र पाहत पाहत, वेगळा तयार करून भरला जातो. जॅक फोली नावाच्या अमेरिकी तंत्रज्ञाने ही पद्धत रुळवली, म्हणून हे काम करणाऱ्याला आजही फोली कलाकार म्हणतात. घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या, हाड मोडण्याच्या आवाजासाठी सेलरीच्या भाजीचे ताजे दांडे, पक्ष्याच्या पंखांसाठी झटकलेले चामडी हातमोजे, बर्फावरच्या पावलांसाठी पिशवीत दाबलेले मक्याचे पीठ, अशी त्यांची भांडारे असतात.

सेलरी आपल्या मंडईत शोधत बसण्याचे कारण नाही. कडक भाकरी मधोमध मोडली की जो आवाज येतो, तो मोबाइलच्या माइकजवळ धरला तर एखाद्या राक्षसाचा हात मोडल्यासारखा वाटतो, आणि सावकाश चुरली तर वाळल्या पाचोळ्यावरून कोणी चालत येत असल्याचा भास होतो. सुपात ज्वारी घालून ते मंद तिरपे केले की पाऊस पडतो, जोराने पाखडले की समुद्राची लाट येते. चादर दोघांनी दोन टोकांना धरून झटकली की गरुड उडतो. ही यादी मुलांना देऊ नका. वस्तू मांडून ठेवा, चादरीच्या आडोशाने एकेक आवाज करा आणि बाकीच्यांना ओळखायला लावा. चादरीमागे कडक भाकरी आहे हे कळल्यावर जो हशा होतो, त्यानंतर कोणाला शिस्तीत बसवण्याची अपेक्षा करू नये.

त्यानंतर प्रत्यक्ष काम सुरू करावे. एखाद्या कार्टूनमधील किंवा चित्रपटातील संवाद नसलेला एक मिनिटाचा तुकडा निवडावा. तो आवाज बंद करून दोनदा दाखवावा आणि मुलांना कागदावर केवळ दिसणाऱ्या आवाजांची यादी करायला सांगावी. पहिल्या वेळी बहुतेक मुले पाच-सहा आवाज लिहितात. दुसऱ्या वेळी ती वीसवर जाते, कारण चालताना बाहीही घासते, पिशवीही हलते आणि लांब कुठेतरी वाराही असतो, हे त्यांच्या लक्षात येते. मग एकेका मुलाला एकेकच आवाज वाटून द्यावा. पावलांसाठी तर प्रत्येक पात्रामागे एक मूल नेमावे आणि त्याने पडद्यावरच्या त्या पात्राच्या पायांखेरीज दुसरीकडे पाहू नये, असे बजावावे. तीन तालमींनंतर मुद्रण करावे.

मुद्रण करताना कूलर बंद करणे अत्यावश्यक आहे. पहिल्या वर्षी आम्ही तो चालू ठेवला आणि आमच्या राजदरबारात सिंहासनामागे कूलर घरघरत राहिला. दुसऱ्या वर्षी कूलर बंद केला, तेव्हा शेजारच्या गल्लीतला यंत्रमागाचा खटखटाट आणि भाजीवाल्याची आरोळी स्पष्ट ऐकू आली. मी आधी वैतागलो, पण चित्रीकरणाच्या जागी टिपलेला आवाज जसाच्या तसा का वापरता येत नाही, हे समजावण्यासाठी त्याहून चांगले उदाहरण मला मिळाले नसते. पाच मिनिटे कूलर बंद, मग दहा मिनिटे चालू, असा क्रम ठेवावा. घामाघूम झालेली मुले चांगला आवाज काढत नाहीत.

दुपारच्या अखेरीस एक-दोन मोठी कोडी घालावीत. डायनोसॉरची डरकाळी कोणी ऐकलेली नाही, मग ती आली कुठून? ‘जुरासिक पार्क’च्या ध्वनितंत्रज्ञांनी टी-रेक्सची डरकाळी हत्तीचे पिल्लू, वाघ आणि मगर यांचे आवाज मिसळून बनवली. ‘स्टार वॉर्स’मधील प्रकाशाच्या तलवारीचा गुंजारव चित्रपट दाखवण्याच्या प्रोजेक्टरची घरघर आणि जुन्या टीव्हीच्या नळीची गुणगुण यांतून तयार झाला. हे सांगितल्यावर मुलांना घरचा फ्रिज, मिक्सर आणि शिलाई मशीन यांचे आवाज टिपून आणायला सांगावे. आवाजाचा वेग निम्म्यावर आणण्याची सोय असलेले ॲप मोबाइलवर असेल, तर मांजराचे म्याँव निम्म्या वेगाने वाजवून पाहावे. पुढचा अर्धा तास आपल्याला काही करावे लागत नाही.

स्थिर चित्रांतून हालचाल

दुसऱ्या दुपारी चित्राकडे वळावे आणि सुरुवात गणिताने करावी. चित्रपटात एका सेकंदाला २४ स्थिर चित्रे डोळ्यांपुढून जातात. दोन तास वीस मिनिटांच्या चित्रपटात अशी किती चित्रे झाली, हे मुलांना फळ्यावर करू द्यावे. १४० मिनिटांना ६० ने आणि पुन्हा २४ ने गुणले की २,०१,६०० हा आकडा येतो. आता हीच चित्रे मातीचे किंवा रबराचे बाहुले दरवेळी किंचित हलवून एकेक करून टिपायची असतील, तर एका दिवसात किती काम होईल? पूर्ण लांबीच्या अशा चित्रपटांत एक कलाकार दिवसभर राबून अवघ्या काही सेकंदांचे दृश्य तयार करतो. १९३३ सालच्या ‘किंग काँग’मधला अवाढव्य गोरिला पुष्कळशा दृश्यांत सुमारे दीड फुटाचा बाहुला होता आणि त्याच्या अंगावर सशाचे केस लावलेले होते. प्रत्येक वेळी हात लागल्यामुळे ते केस थोडे विस्कटत, म्हणून पडद्यावर त्याची लव सतत हललेली दिसते. बोटांच्या खुणा लपवता आल्या नाहीत आणि प्रेक्षकांना मात्र त्याचे केस रागाने ताठ झाल्यासारखे वाटले.

हाच धागा दादासाहेब फाळके यांच्यापर्यंत नेता येतो, आणि तो न्यावाच, कारण मुलांना फाळके हे नाव केवळ पुरस्कारामुळे ठाऊक असते. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रदर्शित झाला. त्याआधी चित्रपटनिर्मितीवर कोणी पैसा लावावा म्हणून फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचे रोप वाढताना थोड्या थोड्या अंतराने टिपले आणि अंकुर डोळ्यांदेखत वर येत असल्याचा छोटा चित्रपट करून दाखवला. आपल्याकडे वाटाण्यापेक्षा मटकी सोपी आहे. रात्रभर भिजवलेली मटकी ताटलीत ओल्या फडक्यावर पसरावी, मोबाइल पुस्तकांच्या दोन गठ्ठ्यांमध्ये घट्ट बसवावा आणि सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत दर अर्ध्या तासाला एक छायाचित्र घ्यावे. पंचवीस छायाचित्रे होतात. सेकंदाला बारा या गतीने ती दाखवली, तर दोन सेकंदांचा चित्रपट हाती येतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात मटकीला मोड लवकर येतात, मात्र फडके तितक्याच लवकर सुकते. त्यामुळे पाणी शिंपडण्याची पाळी लावून द्यावी, आणि पाणी शिंपडणाऱ्याने मोबाइलला धक्का लावला तर सारे पुन्हा सुरू करावे लागते हे आधीच सांगून ठेवावे.

फाळक्यांविषयी आणखी तीन गोष्टी मुलांना फार आवडतात. त्या काळी चित्रपटात काम करायला स्त्रिया तयार होत नसल्याने तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या तरुणाने केली, जो त्याआधी एका उपाहारगृहात स्वयंपाकी होता. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. दोन वर्षांनी आलेल्या ‘कालियामर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली होती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. आणि या सगळ्याच्या मागे सरस्वतीबाई फाळके होत्या, ज्या चित्रपटातील मंडळींचा स्वयंपाक सांभाळून रात्री अंधारात कच्च्या फिल्मला कडेची छिद्रे पाडण्याचे कामही करत. मुलींना ही शेवटची गोष्ट विशेष लक्षात राहते असा माझा अनुभव आहे.

त्यानंतर खोक्याचा प्रयोग. भारतातील पहिला त्रिमिती चित्रपट ‘माय डिअर कुट्टीचातन’ १९८४ साली मल्याळममध्ये आला. त्यात मुले भिंतीवरून आणि छतावरून चालत जातात, दोरीचा मागमूस नाही. कसे केले असेल? खोक्याच्या आत भिंत, खिडकी, छत रंगवावे, उघड्या तोंडाशी मोबाइल चिकटपट्टीने पक्का बांधावा, आत एक चेंडू टाकावा आणि चित्रीकरण चालू करून खोका सावकाश गोल फिरवावा. चेंडू खरे तर तळाशीच राहतो, पण मोबाइल खोक्याबरोबर फिरत असल्याने चित्रात खोली स्थिर दिसते आणि चेंडू भिंत चढून छतावर जातो. चित्रपटात अख्खी खोलीच फिरणाऱ्या सांगाड्यावर उभारली होती. मोबाइल सुटून पडू नये म्हणून खाली गादी ठेवावी. हे मी अनुभवाने सांगतो आहे आणि तो अनुभव बराच खर्चिक होता.

तयार झालेली चित्रफीत त्याच दिवशी दुसऱ्या एखाद्या ठिकाणी साठवून ठेवावी. ‘टॉय स्टोरी २’ तयार होत असताना चुकीच्या एका आज्ञेने संगणकावरील बहुतेक काम पुसले गेले आणि राखीव प्रतही नीट चालेना. बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या एका तंत्रज्ञ महिलेच्या घरच्या संगणकावर प्रत होती, तिने चित्रपट वाचवला. तो संगणक गाडीत ब्लँकेटांत गुंडाळून स्टुडिओत आणण्यात आला.

आवाज कोणाचा, ओठ कोणाचे

हा भाग सोलापुरात जितका रंगतो तितका दुसऱ्या शहरात रंगेल असे मला वाटत नाही. आमच्या गटात घरी तेलुगू बोलणारी पूर्व भागातली मुले असतात, कन्नड बोलणारी असतात, उर्दू बोलणारी असतात आणि मराठी सर्वांना येते. त्यामुळे भाषांतरित आवाज म्हणजे डबिंग कसे करतात, हे दाखवायला तज्ज्ञ बाहेरून आणावा लागत नाही.

सुरुवात ओळखीच्या कार्टूनपासून करावी. ‘मोटू पतलू’मध्ये दोघे एकमेकांशी भांडतात, तेव्हा त्या दोघांचाही आवाज एकाच कलाकाराचा असतो. हिंदीतल्या डोरेमॉनला अनेक वर्षे एका तरुणीने आवाज दिला, आणि मिकी माउसला सुरुवातीची जवळपास दोन दशके खुद्द वॉल्ट डिस्ने आवाज देत असत. मग दोन मुलांना दोन बाहुल्या द्याव्यात आणि तिसऱ्या एकट्यानेच दोघांचे भांडण करून दाखवावे. हे किती अवघड आहे ते अर्ध्या मिनिटात कळते.

पुढची पायरी ओठांची. प, फ, ब, भ, म हे वर्ण उच्चारताना ओठ मिटतात आणि डबिंगचे संवाद लिहिणाऱ्याचे सारे लक्ष या मिटणाऱ्या ओठांवर असते. तेलुगू आणि कन्नड चित्रपटांत नायक आईला ‘अम्मा’ म्हणून हाक मारतो, तेव्हा त्याचे ओठ मिटलेले स्पष्ट दिसतात. उर्दूतल्या ‘अम्मी’लाही ते मिटतात. मराठीतल्या ‘आई’ला मात्र मिटत नाहीत. आता त्या मिटलेल्या ओठांवर मराठी हाक कोणती बसवायची? मुले ‘माय’, ‘अगं माय’, ‘माउली’ असे पर्याय काढतात. एकाने गेल्या वर्षी ‘मम्मी’ सुचवून वाद संपवला. असे दहा शब्द फळ्यावर लिहून चारही भाषांत ओठ कुठे मिटतात त्याच्या खुणा करायला लावाव्यात. नंतर अर्ध्या मिनिटाचे दृश्य मूक करून चार गटांनी चार भाषांत बोलावे. एवढी एक सूचना द्यावी की पात्र राजा असेल तर त्याच्या तोंडी ‘काय बे’ घालू नये, कारण आमच्याकडे एका सम्राटाने सेनापतीला तसे विचारले आणि मुद्रण चार वेळा करावे लागले.

ज्यांच्या घरी तेलुगू चित्रपट पाहिले जातात, त्या मुलांना ‘बाहुबली’तील कालकेय या रानटी टोळीची विचित्र बोली हमखास आठवते. ती नुसती बडबड नव्हती. मदन कार्की या तमिळ गीतकाराने किलिकी नावाची ती भाषा या चित्रपटासाठी रचली, तिला व्याकरण दिले आणि सुमारे ७५० शब्द तयार केले. मुलांना पंधरा शब्दांची भाषा करायला सांगावे. नियम एकच, तो शब्द सोलापुरात बोलल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत असता कामा नये. हा नियम वाटतो त्यापेक्षा फार जाचक आहे, कारण कोणी ना कोणी हात वर करून ‘हा शब्द आमच्याकडे आहे’ असे सांगतेच.

बाहुली आणि भीती

‘झपाटलेला’मधला तात्या विंचू १९९३ पासून आजवर मुलांच्या कित्येक पिढ्यांना घाबरवत आला आहे. आमच्याकडची एक सात वर्षांची मुलगी त्याचे नाव काढले तरी कानांवर हात ठेवत असे. तिला सांगितले की तो बोलका बाहुला आहे, शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी तो हलवला, आणि त्यांच्याच घरी वडिलांपासून चालत आलेला अर्धवटराव हा त्याहून कितीतरी प्रेमळ बाहुला आहे. नुसत्या सांगण्याने फारसा फरक पडला नाही. मोज्याला दोन गुंड्यांचे डोळे शिवून दिले, अंगठा आणि चार बोटे मिळून तोंड कसे होते ते दाखवले, तेव्हा तिने स्वतःचा तात्या विंचू केला आणि तिसऱ्या दिवशी तोच सर्वांना दरडावत फिरत होता. बोलताना तोंड शब्दाच्या सुरुवातीला उघडायचे असते. नवशिकी मुले ते नेमके उलट, शब्द संपताना उघडतात. आरशासमोर सराव केला की हे सुधारते.

मोठ्या बाहुलीसाठी ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या अमेरिकी मालिकेतल्या बिग बर्डचे उदाहरण द्यावे. आठ फूट दोन इंचांच्या त्या पिवळ्या पक्ष्याच्या आत कॅरोल स्पिनी उजवा हात डोक्यावर उंच धरून पक्ष्याचे डोके आणि तोंड हलवत असत. बाहेरचे काहीही दिसत नसे, म्हणून छातीवर बांधलेल्या छोट्या टीव्हीवर पाहून ते चालत. मुलांना एक हात वर धरून पाच मिनिटे उभे राहून बोलायला सांगावे. दोन मिनिटांत हात खाली येतात. स्पिनींनी हे काम जवळपास पन्नास वर्षे केले.

प्राण्यांविषयीच्या गमती जाता जाता सांगाव्यात, त्यांच्यासाठी वेगळा वेळ ठेवण्याची गरज नाही. लॅसी ही कुत्री पहिल्या चित्रपटात पाल नावाच्या कुत्र्याने, म्हणजे नराने, साकारली. हॅरी पॉटरची हेडविग ही मादी घुबड दाखवली असली तरी तिची कामे नर घुबडांनी केली, कारण हिमघुबडांमध्ये नर अधिक पांढरे असतात. आणि ‘बेब’ या चित्रपटातल्या डुकराच्या एका पिल्लासाठी ४८ पिल्ले लागली, कारण चित्रीकरण संपेपर्यंत ती लहान राहायला तयार नव्हती.

आपल्या जिल्ह्याची कोडी

एक छोटा भाग घरच्या मातीसाठी राखावा. सोलापूरच्या कोणत्या माणसावर १९४६ साली चित्रपट निघाला आणि दिग्दर्शकाने स्वतःच ती भूमिका केली? उत्तर डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९१० साली सोलापुरात जन्मलेले कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढली, स्वतः कोटणीस झाले आणि त्यांच्या चिनी पत्नीची भूमिका जयश्री यांनी केली. सोलापुरात कोटणीसांचे स्मारक आहे. बैठकीच्या आधी एखाद्या सकाळी मुलांना तिथे नेऊन आणले, तर या कोड्याला वजन येते.

करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे, ‘फँड्री’साठी बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा सोमनाथ अवघडे, सोलापुरात जन्मलेल्या अभिनेत्री शशिकला, आणि पंढरपुरात घडणारा ‘एलिझाबेथ एकादशी’, ज्यातली एलिझाबेथ ही सायकल आहे, यांवरही प्रश्न तयार करता येतात. ‘फँड्री’ मात्र बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना, आणि मोठ्यांबरोबर बसून दाखवावा.

सांगण्याआधी खात्री करा

पहिल्या उन्हाळ्यात मी मुलांना ठासून सांगितले होते की ‘सिंगिंग इन द रेन’ या १९५२ च्या चित्रपटात पाऊस दिसावा म्हणून पाण्यात दूध मिसळले होते. सातवीतल्या एका मुलीने विचारले, “काका, हे तुम्हाला कोणी सांगितलं?” मला उत्तर देता आले नाही. घरी जाऊन शोधल्यावर कळले की ही गोष्ट जगभर फिरत असली तरी खरी युक्ती प्रकाशाची होती: पावसाच्या धारांच्या मागून प्रकाश टाकला की त्या उजळतात आणि कॅमेऱ्यात स्पष्ट येतात. दुसऱ्या दिवशी मी चूक कबूल केली आणि अंधाऱ्या सभागृहात फवाऱ्याच्या बाटलीने प्रयोग करून दाखवला. टॉर्च पाहणाऱ्याच्या बाजूने धरला तर फवारा अस्पष्ट दिसतो, फवाऱ्याच्या मागून तिरपा धरला तर एकेक थेंब चमकतो. तेव्हापासून हा प्रयोग आमच्या बैठकीत कायम आहे.

चित्रपटाचे फ्रेंच प्रवर्तक ल्युमिएर बंधू यांच्या आगगाडीच्या चित्रपटाने घाबरून पॅरिसचे प्रेक्षक पळत सुटले, हीही अशीच लाडकी कथा आहे. २८ डिसेंबर १८९५ च्या पॅरिसमधील पहिल्या सार्वजनिक खेळात तो चित्रपट नव्हताच, आणि प्रेक्षक पळाल्याला त्या काळचा भक्कम पुरावा सापडत नाही असे अभ्यासक सांगतात. त्याऐवजी ल्युमिएरांचे खेळ अवघ्या सहा-सात महिन्यांत, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाले, ही पक्की गोष्ट सांगावी.

तपासण्याची माझी रीत साधी आहे. ती गोष्ट त्या चित्रपटावर काम केलेल्या कोणी स्वतः सांगितली आहे का, हे आधी पाहतो. एकमेकांची नक्कल न केलेल्या दोन ठिकाणी ती सारखीच आहे का, हे पाहतो. वर्षांचा मेळ बसतो का, हेही पाहतो. ‘हे ९९ टक्के लोकांना माहीत नाही’ असे म्हणून सुरू होणाऱ्या चित्रफितीतली गोष्ट मी जवळपास नेहमीच सोडून देतो. मोठ्या मुलांना तर तपासणी हाच खेळ म्हणून द्यावा. पाच गोष्टी द्याव्यात, त्यात एक खोटी मिसळावी आणि ती शोधून पुराव्यासह आणायला सांगावी.

तिसऱ्या दुपारनंतरच्या रविवारी शक्य झाल्यास सर्वांनी मिळून चित्रपटगृहात जावे आणि शेवटी वर सरकणारी नावे पूर्ण वाचावीत. प्रत्येक मुलाने आपण शिकलेले एक काम त्या यादीत शोधायचे असते: फोली, डबिंग, बाहुल्यांचे काम, प्रकाशयोजना. पडदा कोरा होईपर्यंत कोणी उठायचे नाही हे पालकांना आधीच सांगून ठेवावे, आणि बाहेर थांबलेल्या रिक्षावाल्यांना दहा मिनिटे उशिराची वेळ द्यावी.